तांब्याचे पाऊण ज्यूल कुठे गेले?

क्लासवाली_बार्शी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते, संध्याकाळी सहा ते नऊ, घराच्याच पुढच्या खोलीत. माझं स्वतःचं बी.एस्सी. होऊन चौदा वर्षं झाली. बोर्डाच्या पुस्तकापलीकडचं बरंचसं गंजलंय, हे आधीच कबूल करते.

सीपी आणि सीव्ही, म्हणजे दाब कायम ठेवून आणि आकारमान कायम ठेवून एक मोल पदार्थ एक अंश तापवायला लागणारी उष्णता, मी गेली नऊ वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आलेय. सिलिंडर, त्यात वायू, वर दट्ट्या. दट्ट्या जॅम केला तर दिलेली सगळी उष्णता तापमान वाढवण्यात जाते, तो सीव्ही. दट्ट्या मोकळा सोडला तर वायू फुगतो आणि वरची हवा ढकलतो, त्या ढकलण्याची मजुरीही आपल्यालाच भरावी लागते, म्हणून सीपी मोठा. आदर्श वायूच्या एका मोलला, एका अंशामागे ही मजुरी बरोबर आर (वायू स्थिरांक) एवढी, ८.३१४ ज्यूल. फळ्यावर चार ओळींत संपतं. मुलांना पटतं, मलाही पटतं.

परवा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तांब्याला पण दोन असतात का?" त्याच्या वडलांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याची सगळी उदाहरणं तांब्या-पितळेची. म्हटलं, असतात, पण फरक नगण्य. "नगण्य म्हणजे किती?" म्हटलं, उद्या सांगते.

रात्री हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एक मोल तांबं म्हणजे ६३.५ ग्रॅम. घनता ८.९६, म्हणजे आकारमान ७.१ घन सेंटिमीटर, सुपारीएवढा गोळा. एक अंश तापवला की दहा लाखांत ५० भाग फुगतो, म्हणजे ०.०००३५५ घन सेंटिमीटर. तेवढ्या जागेतून हवा बाहेर ढकलायची. याला वातावरणाच्या दाबाने गुणलं, उत्तर आलं ०.००००३६ ज्यूल. नगण्य म्हणजे अगदीच नगण्य. शांत झोप लागली.

सकाळी खात्री करावी म्हणून कॉलेजातलं जुनं डेटाबुक काढलं. तांबं, २५ अंश सेल्सिअस, एका मोलला सीपी २४.५, सीव्ही २३.८. फरक ०.७! सगळे दशांश धरले तर ०.७३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाऊण ज्यूल. माझ्या उत्तराच्या वीस हजार पट. दशांशचिन्हं तीनदा तपासली, घन सेंटिमीटरचे घन मीटर पुन्हा केले. माझा हिशेब हलत नाही आणि डेटाबुकही हलत नाही.

हवेला ढकलायला एवढं लागतच नाही, तर हे पाऊण ज्यूल जातात कुठे? की माझी दट्ट्याची गोष्टच चुकीची आहे आणि नऊ बॅचेसची माफी मागावी लागणार?


सीईटीला_नाही_येत

ताई, हे सीईटीला येत नाही. पोराला एमसीक्यू सोडवायला बसवा.

गंमत केली. अंदाज सांगतो: धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, ती उष्णता त्यांच्याकडे जात असेल.


बुधला_आणि_बूच

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, डेटाबुकही बरोबर आहे. माफी मागायची गरज नाही, पण गोष्टीचा एक तुकडा तुम्ही आजवर सांगितलेला नाही. तो वायूच्या बाबतीत शून्य असतो, म्हणून कधी अडलं नाही.

वरच्या मित्राचे इलेक्ट्रॉन आधी बाजूला करतो. त्यांची उष्णता सीपीतही मोजली जाते आणि सीव्हीतही. वजाबाकीत ती उडते.

मी एकतीस वर्षं पदवीच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली. दट्ट्याऐवजी मुलांना मी असं सांगायचो. दाब तोच ठेवून पदार्थ एक अंश तापवला, तर उष्णतेला तीन वाटा फुटतात. पहिली, आहे त्याच आकारमानात तापमान वाढवणं. हा सीव्ही. दुसरी, फुगताना बाहेरच्या हवेला ढकलणं, तुमची मजुरी. तिसरी, पदार्थाच्या आतल्या कणांना एकमेकांपासून दूर ओढणं. ते एकमेकांना धरून बसलेले असतात ना, ती पकड सैल करायलाही ऊर्जा लागते.

आदर्श वायूत कणांची एकमेकांवर पकडच नाही, म्हणून तिसरी वाट बंद. ज्यूलने यावर केलेला प्रयोग १८४५ मध्ये छापून आला. पाण्यात बुडवलेली तांब्याची दोन भांडी, एकात २२ वातावरणं दाबाची हवा, दुसरं रिकामं केलेलं. मधली तोटी उघडली, हवा दुप्पट जागेत पसरली, पण बाहेरच्या पाण्याचं तापमान त्याच्या थर्मामीटरवर जराही हललं नाही. नुसतं पसरण्यासाठी हवेला ऊर्जा लागली नाही. पुढे थॉमसनबरोबर (म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन) जास्त नाजूक प्रयोग केला तेव्हा बारीकसा फरक सापडला, कारण खऱ्या वायूत थोडी पकड असतेच. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडचा सीपी-सीव्ही फरक खोलीच्या तापमानाला आरपेक्षा एक-दोन टक्के जास्त भरतो.

आता तुमचा सुपारीएवढा गोळा. त्याची आतली पकड केवढी? एक साधा प्रश्न विचारा: तांबं एक अंश तापवलं आणि त्याला अजिबात फुगू द्यायचं नाही, तर बाहेरून किती दाब लावावा लागेल? प्रसरण गुणांक अल्फा (एका अंशाला किती फुगतं) भागिले संपीड्यता कप्पा (दाबलं की किती आकसतं). तांब्याचा अल्फा तुम्ही घेतलात तोच, दहा लाखांत ५०. कप्पाचा व्यस्त १३७ गिगापास्कल. उत्तर येतं ६८ लाख पास्कल. एका अंशाला ६७-६८ वातावरणं! याला केल्विनमधल्या तापमानाने, २९८ ने गुणलं की साधारण २०,००० वातावरणं होतात. हा त्या गोळ्याचा 'अंतर्गत दाब'. फुगताना तांबं बाहेरच्या एका वातावरणाशी झगडतं आणि त्याच वेळी आतल्या वीस हजारांशी. तुम्ही बाहेरचं एक मोजलंत आणि आतले वीस हजार राहिले. तुमची वीस हजार पट तिथून येते.

तुमच्याच आकड्यांनी पडताळून बघा: ०.०००३५५ घन सेंटिमीटर गुणिले २०,००० वातावरणं. पाऊण ज्यूलच्या जवळ येतं की नाही?

हे सगळं एका ओळीत मांडतात: सीपी वजा सीव्ही = टी × व्ही × अल्फाचा वर्ग ÷ कप्पा (टी तापमान, व्ही आकारमान; पुढे पी येईल तो दाब). पदार्थ कुठलाही असो, घन, द्रव किंवा वायू. आदर्श वायूचा अल्फा १/टी आणि कप्पा १/पी. ते यात घाला, उरतं पी × व्ही ÷ टी, म्हणजे आर. चार ओळींतलं तुमचं फळ्यावरचं सूत्र याच मोठ्या सूत्राचं एक पोर आहे.

आणि मुलाला हेही सांगा की डेटाबुकातला तो २३.८ कुणी मोजलेला नाही! दहा अंश तापवायचे तर तांबं जागच्या जागी धरायला सातशेच्या आसपास वातावरणं हवीत, आणि ज्या भांड्यात धराल तेच तापून फुगणार. म्हणून घन पदार्थाचा सीपी मोजतात आणि सीव्ही या सूत्राने काढतात.

वायूच्या बाबतीत मात्र आम्ही दोन्हींचं गुणोत्तर, गॅमा, बुधला आणि बूच यांवर काढायचो. क्लेमाँ आणि देसोर्म यांचा १८१९ चा प्रयोग. काचेचा मोठा बुधला, लाकडी पेटीत भुशात बसवलेला, बाजूला मॅनोमीटर, म्हणजे दाब दाखवणारी द्रवाची नळी. पंपाने थोडी हवा भरायची, थंड होऊ द्यायची, उंची एच-एक. बूच उघडायचं, फस्स झालं की लगेच लावायचं. थांबायचं. आतली गार झालेली हवा हळूहळू खोलीच्या तापमानाला येते आणि मॅनोमीटर पुन्हा चढतो, उंची एच-दोन. गॅमा = एच-एक भागिले त्या दोघांची वजाबाकी. यायला हवा १.४०. मुलांना यायचा १.२५, १.३०, कारण बूच लावायला उशीर. तेवढ्यात हवा गरम व्हायला लागते, एच-दोन कमी पडतो, गॅमा खाली. घाईने लावलं तर उलट, १.५ च्या वर. वर्षातून एक तरी जर्नल असं यायचं ज्यात दहाच्या दहा रीडिंगना १.४० असायचा. मी त्यावर फक्त 'बूच दाखवा' असं लिहायचो.


क्लासवाली_बार्शी

सर, दंडवत. (सर म्हणते, चालेल ना?) गुणाकार केला, ०.७२ आला. रात्री साडेअकराला एकटीच हसत बसले होते.

आज सहाच्या बॅचला सांगितलं. वीस हजार वातावरणं म्हटल्यावर वर्ग गप्प. पण तो पोरगा गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणतो, "मॅडम, पाणी शून्य ते चार अंशांत तापवलं की आकसतं. म्हणजे हवाच पाण्याला ढकलणार, पाण्याची मजुरी वाचली. मग तिथे सीपी लहान आणि सीव्ही मोठा?"

सूत्रात अल्फाचा वर्ग आहे, म्हणजे ऋण असला तरी उत्तर धनच, एवढं मला दिसतंय. पण "वर्ग आहे म्हणून" हे उत्तर त्याला देऊन बघितलं. तोंड वाकडं केलं.


पीएचडी_ओढतोय

तोंड वाकडं केलं ते बरोबरच केलं, वर्ग हे काही कारण नाही.

आकडे आधी. पाणी, एक मोल, १८ ग्रॅम. २५ अंशांना सूत्राने फरक येतो ०.७९ ज्यूल, सीपी ७५.३ आहे त्यातला एक टक्का. साधारण ४ अंशांना अल्फा शून्य, फरक शून्य, सीपी आणि सीव्ही तंतोतंत एक. शून्य अंशाला अल्फा ऋण आहे, दहा लाखांत उणे ६८, आणि फरक येतो ०.०४५ ज्यूल. छोटा, पण धनच.

का? शून्याजवळच्या पाण्यात बर्फासारखी ऐसपैस मांडणी अजून बरीच शिल्लक असते. रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना हातभर अंतरावर धरून उभे. तापवलं की त्यातले काही बंध तुटतात आणि रेणू मोकळ्या जागेत कोसळतात, म्हणून आकारमान घटतं. म्हणजे इथे दाटीवाटीची मांडणी ही जास्त ऊर्जेची आहे. तांब्यात पसरायला ऊर्जा लागते, या पाण्यात आकसायला लागते. हवेकडून जी मजुरी वाचली ती मुलाने बरोबर पकडली, पण ती चिल्लर आहे. बंध तोडायचा खर्च तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. दोन्हीकडे तिसरी वाटच भारी पडते आणि दोन्हीकडे खिसा आपलाच.

थोडं विषयांतर. मी श्टुटगार्टला असतो आणि हाइलब्रॉन इथून रेल्वेने तासाभराच्या आत. हे सीपी वजा सीव्ही बरोबर आर ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो रॉबर्ट मायर तिथला, जन्म १८१४. पेशाने डॉक्टर. १८४० मध्ये डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेला. तिथे खलाशांची शीर उघडून रक्त काढताना ते रक्त त्याला अपेक्षेपेक्षा लालभडक दिसलं. उष्ण हवेत शरीर ऊब टिकवायला कमी जाळतं, म्हणून शिरेत प्राणवायू जास्त उरतो, असा त्याने अर्थ लावला. तिथून तो उष्णता आणि काम यांचा विनिमयदर काय, इथवर पोचला. १८४२ च्या निबंधात उत्तर दिलं: एखादं वजन ३६५ मीटरवरून पडलं, तर तेवढ्याच वजनाचं पाणी एक अंश तापेल. आजचा आकडा ४२७ मीटर.

हा दर त्याने स्वतः एकही प्रयोग न करता, हवेच्या सीपी आणि सीव्हीच्या छापील आकड्यांवरून काढला. फरक एवढी जादा उष्णता, फुगताना केलेलं काम एवढं, भागाकार. चूक आली ती मुख्यतः त्या काळी हवेची विशिष्ट उष्णता जास्त मोजली गेली होती म्हणून. पण ताई, यात एक गृहीतक लपलंय: जादा उष्णता सगळीच्या सगळी बाहेर ढकलण्यात गेली, आत काही मुरलं नाही. म्हणजे नऊ वर्षं तुम्ही जे शिकवलंत तेच! १८४५ मध्ये त्याने त्यासाठी गे-ल्यूसाकच्या १८०७ च्या प्रयोगाचा आधार दिला, तोही दोन भांड्यांचाच. मायरने हवेऐवजी तांब्याचे आकडे घेतले असते तर विनिमयदर वीस हजार पट चुकला असता.


बंद_व्हॉल्व्ह

मी डिप्लोमावाला, सूत्रात पडत नाही. पण बुधलेवाल्या सरांनी ते अल्फा भागिले कप्पा लिहिलं आणि मला एप्रिल महिना आठवला.

तेव्हा मी एका डेपोत होतो, नाव राहू दे. टँकर भरायच्या लाइनवर दोन व्हॉल्व्ह, मध्ये चाळीसेक मीटर पाइप, डिझेलने काठोकाठ भरलेला. रात्रपाळीने दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. पाइपावर रिलीफ व्हॉल्व्ह होता (दाब वाढला की आपोआप उघडणारा), पण त्याच्याखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह मेन्टेनन्सच्या वेळी बंद केला होता तो तसाच राहिला. सकाळी सातला गेज व्यवस्थित. साडेदहाला मी शेडमध्ये होतो, फटाका फुटावा तसा आवाज आला. फ्लँजचं गॅस्केट गेलं होतं आणि डिझेलची बारीक चादर उडत होती, सरळ रस्त्यापर्यंत. सुदैवाने गाडी उभी नव्हती. गेजचा काटा टोकाला आपटून वाकला होता.

द्रव कोंडला की अंशाला ८-१० बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण), असं आम्ही धरतो. पाइप स्वतःही फुगतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. सकाळपासून उन्हात पंधरा अंश चढले तरी हिशेब करा. ऊन चढलं म्हणून एवढं, हे नव्या पोरांना खरंच वाटत नाही. हवा भरलेला पाइप असता तर काही झालं नसतं, पंधरा अंशांना पाच टक्के दाब.

म्हणजे तुमचा तो सीव्ही, आकारमान बांधून तापवणं, आम्ही प्रत्यक्ष करून बघितलाय. पुन्हा नको.


बुधला_आणि_बूच

बंद व्हॉल्व्हराव, तुमच्या त्या चाळीस मीटर पाइपाने माझ्या एकतीस वर्षांच्या लॅबपेक्षा नीट समजावलं. पाण्याला अंशाला साडेपाच-सहा बार, डिझेलला तुम्ही म्हणता तेवढे, तांब्याला ६८. धरायला जितकं अवघड, तितकी आत पकड जास्त.

ताई, मुलाला पुढे काही द्यायचं असेल तर ध्वनी द्या. न्यूटनने हवेतला ध्वनीचा वेग काढला, आजच्या मापात शून्य अंशाला २८० मीटर येतो, आणि प्रत्यक्षात आहे ३३१. त्याने दबलेली हवा लगेच गार होते असं धरलं होतं. लाप्लासने १८१६ मध्ये सांगितलं की ध्वनी इतका घाईत असतो की उष्णतेला निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून आत गॅमा घाला. १.४ चं वर्गमूळ १.१८, गुणिले २८०, झाले ३३१. आणि हेही सगळ्या पदार्थांना लागू: सीपी भागिले सीव्ही म्हणजे सावकाश दाबल्यावरची कप्पा भागिले झटक्यात दाबल्यावरची कप्पा. तांब्यात हे गुणोत्तर १.०३. तिथे बूच लागत नाही, झटक्यात दाबल्यावरची कप्पा धातूतल्या ध्वनीच्या वेगांवरून मिळते.


क्लासवाली_बार्शी

डिझेलची गोष्ट आज जशीच्या तशी सांगितली. सूत्र विसरतील, गॅस्केट विसरणार नाहीत. ध्वनीचं उद्या. घरात पाच लिटरची काचेची लोणच्याची बरणी आहे. तिला बूच आणि पारदर्शक नळी बसवता येईल का, हे सरांनी व्यक्तिगत निरोपात सांगावं. सासूबाईंची आहे, फुटली तर मी गेले.

पोरगा आज डेटाबुकच घरी घेऊन गेला होता. परत करताना एका पानाचा कोपरा दुमडलेला. सीपी: तांबं २४.५, लोखंड २५.१, चांदी २५.४, ॲल्युमिनियम २४.२, सगळे पंचवीसच्या आसपास, आणि हिरा ६.१. त्या ६.१ भोवती पेन्सिलीने गोल. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, उद्या सांगा."

नवीन धागा काढते.